वन पॉइंट फोरची लेन्स

लेन्स मी निवडली. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचं खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटतं, तर त्यातली ही एक खरोखर माझी आहे, ती तरी आपण होऊन सांगावी.

आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचा म्हणजे सासऱ्यांचा. पाटीवर त्यांचं आडनाव आणि पुढे ‘अँड सन’. सन म्हणजे माझा नवरा. त्याला कॅमेऱ्यात फिल्म घालता यायची, पण गिऱ्हाइकासमोर घालायला लावू नये. तो काउंटरवर बसायचा, फोटोच्या कडा कापायचा, पाकिटं भरायचा आणि गोड बोलायचा. फोटो काढायचे ते सासरे. मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं आणि एन्लार्जरवर, म्हणजे फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्रावर, फोटो छापणं हे माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला घर दाखवायच्या आधी ती खोली दाखवली होती, तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

काम मात्र मला सासऱ्यांनीच शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, जीव लावून शिकवलं. कागद ट्रेमध्ये कसा सरकवायचा, केव्हा बाहेर काढायचा, हात कुठे पुसायचे. माझा पहिला चांगला प्रिंट निघाला तेव्हा त्यांनी नवऱ्याला काउंटरवरून हाक मारून आत बोलावलं आणि म्हणाले, “बघ. याला काळा रंग म्हणतात.” नवरा बघून गेला. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं की मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते.

एकच गोष्ट त्यांनी शिकवली नाही, ती म्हणजे कॅमेरा. त्याला हात लावायचा नाही, असा दुकानाचा कायदा. “फोकस हे एका डोळ्याचं काम आहे,” ते म्हणायचे, “आणि या दुकानात डोळा एकच.” कॅमेरा जुना, सगळं हाताने करायचा, फिल्मचा एसएलआर. लेन्समधूनच बघायचं, लेन्सवरचं फोकसचं कडं फिरवत राहायचं, आणि समोरचं माणूस स्वच्छ दिसलं की थांबून बटण दाबायचं. एवढंच. मी चोरून शिकले. आता दुकानात राहून कोणी शिकणार नाही असं होतं का? माझा नवरा सोडला तर.

मग एक वर्ष असं आलं की फोटो परत यायला लागले. लोक भांडायचे नाहीत. पाकिटातून फोटो काढायचे, जरा लांब धरायचे आणि म्हणायचे, “जरा धूसर वाटतोय का हो?” सासरे शांतपणे मागे वळायचे. “सूनबाई, एन्लार्जर हलला का गं?” आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, “छापताना कधीकधी होतं. पुन्हा छापून देतो.” मी हात पुसत बाहेर यायचे आणि माफी मागायचे. नवरा पाकिटं नीट रचत बसायचा. पाकिटं आधीच नीट असायची.

सुरुवातीला मलाही वाटलं, चूक माझीच असणार. मी एन्लार्जरचा एकूण एक स्क्रू आवळला. पंखा बंद केला. छापताना श्वास धरून उभी राहायला लागले, घामाने निथळायची पाळी आली, तरी फोटो धूसरच. मग एके दिवशी डोकं ठिकाणावर आणून भिंगाखाली एक प्रिंट बघितला. फिल्मला दाणा असतो, बारीक, वाळूसारखा. छापताना माझा हात हलला असता तर तो दाणाही फिस्कटला असता. पण दाणा कसा, मोजून घ्यावा इतका साफ. दाणा साफ आणि माणूस धूसर. म्हणजे माझं काम चोख होतं आणि चूक फिल्मवरच होती, फोटो काढला त्या क्षणाची.

मग शंका लेन्सवर. दुपारी दोघं बापलेक जेवून लवंडले की दुकान माझं. मी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर चढवला, स्वतः फोकस केला आणि चार-सहा फोटो मारले. धुऊन छापले. पत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. लेन्समध्ये काही बिघाड नव्हता.

राहिला कोण? दुकानातला तो एकच डोळा.

मला त्यांची कीव आली. आता हसू येतं, पण आली. ज्या माणसाने आयुष्यभर डोळ्यावर पोट भरलं त्याला हे कळतही नसेल, असं मला वाटलं. कळलं तर खचून जाईल, असंही वाटलं. म्हणून मी पांघरूण घातलं. रात्री जेवताना म्हटलं, “बाबा, मला वाटतं लेन्स म्हातारी झाली. आत बुरशी धरलीय. आपण नवीन स्टँडर्ड लेन्स घेऊ या का?”

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हो ना? मलाही तेच वाटत होतं.”

त्याच आठवड्यात आई आली. माझी आई. तिला जबड्याचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उजवा जबडा काढावा लागेल, गालाचा बराच भाग जाईल, चेहरा आहे तो राहणार नाही. आई बडबडी बाई, आणि स्वतःवर विनोद करण्यात पटाईत. ती म्हणाली, “त्याआधी माझा एक फर्स्ट क्लास फोटो काढून ठेव. नंतर आरशात ही कोण बया म्हणून विचारायची वेळ आली, तर दाखवायला बरा.” हसली, आणि हसताना गाल धरला. मी म्हटलं, “काढू या.”

तर तो एक फोटो. बाकी दुकान गेलं खड्ड्यात, पण तो फोटो मला साफ हवा होता. आईच्या घरी तिचे फोटो होते कुठे? लग्नातला एक होता, त्यात तिने मान खाली घातलेली. पुढे सगळ्यांचे फोटो निघाले आणि प्रत्येक वेळी ही बाई चहा करायला आत.

मी तो चोरून काढू शकले असते, पण सासऱ्यांनी आपण होऊन सांगितलं, “विहीणबाईंचा फोटो मी काढणार. नव्या लेन्सचा पहिला फोटो त्यांचाच.” आईचा चेहरा इतका खुलला की माझ्या तोंडाला कुलूपच लागलं. व्याह्यांनी मान दिला म्हणून ती दोन दिवस शेजारीपाजारी सांगत सुटली.

आता माझ्या हातात काय उरलं? लेन्सची निवड.

जुने कॅमेरे विकणारा आणि दुरुस्त करणारा एक माणूस होता, त्याला सगळे भिंगवाला म्हणायचे. डोळ्याला भिंग लावूनच तो गिऱ्हाइकाकडे बघायचा, माणसातही ओरखडा शोधतोय असं वाटायचं. त्याने आम्हा तिघांपुढे कापड पसरून तीन लेन्स ठेवल्या. तिन्ही पन्नासच्या, म्हणजे डोळ्याला जेवढं दिसतं साधारण तेवढंच दाखवणाऱ्या. फरक तोंडाचा. एक टूची, एक वन पॉइंट एटची, एक वन पॉइंट फोरची. आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, तितका उजेड आत.

“किमतीतही तसाच फरक,” भिंगवाला म्हणाला, आणि वन पॉइंट फोरची किंमत सांगितल्यावर माझ्या नवऱ्याने बसायला स्टूल शोधलं.

“टूचीच घेऊ,” नवरा म्हणाला. “पासपोर्ट फोटोला काय करायचंय?”

भिंगवाल्याने एकेक लेन्स कॅमेऱ्यावर चढवून सासऱ्यांच्या हातात दिली. ते दाराबाहेरच्या खांबावर फोकस करत होते. मी लेन्सकडे बघितलंच नाही, त्यांच्या बोटांकडे बघत होते. टूच्या लेन्सवर बोटं कडं पुढे न्यायची, मागे आणायची, परत पुढे, परत मागे, आणि मग कंटाळून कुठेतरी थांबायची. वन पॉइंट एटवर थोडी कमी. वन पॉइंट फोर चढवली आणि बोटं गेली, जरा मागे आली, थांबली. त्या लेन्समधून खांब लख्ख उजेडात दिसत असणार, आणि म्हातारा डोळाही तेवढ्या उजेडात काम करत होता.

“पण ही उघडी वापरू नका,” भिंगवाला म्हणाला. “पूर्ण उघडी ठेवलीत तर पापणीवर फोकस आणि नाक गायब, असं होईल. माणसांच्या फोटोला हे दुसरं कडं फिरवून तोंड लहान करा, आठवर लावा. मग फोकस थोडा मागेपुढे झाला तरी अख्खं डोकं साफ येतं.”

माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. बघताना लेन्स नेहमी पूर्ण उघडी असते, म्हणजे बाबांना लख्ख दिसणार. आणि तोंडाचं कडं आठवर असलं तर बटण दाबताच ती आपोआप मिटते आणि मग फोकसची थोडीफार चूक पोटात घेते. त्यांचाही मान राहील, आईचा फोटोही वाचेल. मी म्हटलं, “बाबा, तुमच्या हाताला हीच शोभते. बाकीच्या दोन शिकाऊ पोरांना ठीक आहेत.” असं बोलायला मी कुठे शिकले माहीत नाही, पण सासरे फुलून गेले, आणि नवऱ्याने स्टुलावरून उठून पैसे दिले.

फोटोच्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून आली. कानात एरवी न घालायचे मोठे झुमके. तिथूनच तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं, पिशवी सोबतच आणलेली. मी सकाळपासून तयारी केली होती. चारही दिवे लावून उजेड भरपूर केला, कॅमेरा स्टँडवर, खुर्ची आखलेल्या जागी, लेन्सचं कडं आठवर. आता त्यांनी फक्त यायचं, वाकायचं आणि बटण दाबायचं.

सासरे आले. वाकले. मग उठले, लेन्सच्या कड्याकडे चष्मा वर करून बघितलं.

“हे आठवर कोणी लावलं?”

“मी, बाबा. आठवर असू दे ना. चेहरा सगळा साफ येईल.”

“एवढी मोठ्या तोंडाची लेन्स घेतली ती मिटून ठेवायला?” त्यांनी कडं टकटक फिरवत पार वन पॉइंट फोरवर नेलं. मग दोन दिवे विझवले. “विहीणबाई, आता बघा तुमच्या मागची भिंत कशी लोण्यासारखी विरघळते. असा फोटो या गावात कोणी काढत नाही.”

“बाबा, एक आठवर काढा आणि एक तसा.”

ते आईकडे बघून हसले. “आता सूनबाई मला शिकवणार.”

आणि आईने, माझ्या आईने, मला डोळ्यांनी दटावलं. “गप्प बस ना गं. त्यांना करू दे. किती वर्षांचा हात आहे त्यांचा.”

मी कॅमेऱ्यापासून बाजूला झाले. त्यांनी फोकसचं कडं फिरवलं, थांबले, बटण दाबलं. पुन्हा एकदा. दोनापेक्षा जास्त फोटो ते काढायचे नाहीत, फिल्म वाया घालवणाऱ्यांची त्यांना चीड होती. मी म्हटलं, “आई, थांब, एक मी काढते.” सासऱ्यांनी लेन्सवर टोपण चढवलं. आई म्हणाली, “पुरे आता, मला दिव्यांनी ठणकायला लागलंय.” खरंच ठणकत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मी तिची पिशवी उचलली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पुढचे काही दिवस मी काचेच्या दाराबाहेर बाकावर काढले. रोल कॅमेऱ्यात तसाच पडून होता, कारण धुणारी मी. तिला साध्या वॉर्डात हलवलं तेव्हा तिच्या तोंडात नळी, निम्म्या चेहऱ्याला पट्ट्या. बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने एक पाटी आणि खडू दिला होता. आईने त्या पाटीवर पहिला शब्द लिहिला तो ‘फोटो’.

मी धावत घरी आले, रोल धुतला, वाळायला टांगला आणि वाळताक्षणी छापायला घेतला. कागदावर आई वर येत गेली. आधी केस, मग डोळ्यांच्या जागा. मी वाट बघत राहिले, आता डोळे साफ होतील, आता ओठ. झाले नाहीत. साफ आला तो तिच्या उजव्या कानातला झुमका. त्याची एकेक कडी, त्यातला एकेक मणी. झुमक्यामागचे चार केस. आणि पुढचा सगळा चेहरा ओल्या काचेतून बघावा तसा. दुसरा फोटो त्याहून वाईट, त्यात खुर्चीची पाठ साफ होती. मी भिंग लावलं. दाणा अगदी स्वच्छ होता.

मी ओला प्रिंट तसाच हातात धरून बाहेर आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सासऱ्यांनी प्रिंट घेतला, जवळ धरला, लांब धरला.

“एन्लार्जर हलला वाटतं,” ते म्हणाले.

वर्षभराचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. एन्लार्जर हलत नाही, कधीच हलला नाही. दाणा बघा, मणी बघा, छापताना हात हलला तर मणी दिसतील का? लेन्स जुनी होती तेव्हाही चांगली होती, मी तपासली होती. तुम्हाला दिसत नाही, बाबा. तुमचा डोळा गेलाय. वर्षभर तुम्ही लोकांचे चेहरे घालवताय आणि मी माफी मागतेय. हे सगळं मी ओरडून बोलले. माझा नवरा कटरपाशी उभा होता, त्याच्या हातातला फोटो अर्धा कापलेला.

सासऱ्यांनी प्रिंट काउंटरवर ठेवला, ओल्या बाजूचा डाग पडू नये म्हणून खाली कागदसुद्धा घातला.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

मला कळेना काय माहीत आहे.

“डोळ्याच्या डॉक्टरने मागच्या वर्षीच सांगितलं. आता ते काही सुधारायचं नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, हिशेब समजावतात तसं. “तुझं नाव खराब झालं तर घरातल्या घरात राहतं. माझं झालं तर दुकान बसतं. मग तू काय खाणार आणि हा काय खाणार?”

मी नवऱ्याकडे वळले. “तुलाही माहीत होतं?”

त्याने अर्धा राहिलेला फोटो पूर्ण कापला. कड सरळ आली की नाही ते बघितलं. “बाबांनी सांगितलं होतं कोणाला बोलू नकोस म्हणून.”

कोणाला. म्हणजे त्याच्या लेखी मीही बाहेरचीच कोणीतरी. मी ज्याच्यावर वर्षभर दयेने पांघरूण घालत होते त्याने ते आधीच पुरतं ओढून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं की मी किती समंजस. त्या क्षणी मला त्या दोघांचा जेवढा संताप आला तेवढाच माझ्या कीव करण्याचा आला.

मी आत जाऊन कडी घातली. काहीतरी वाचवता येईल असं वाटत होतं. फोटो लहान छापला की धूसरपणा थोडा लपतो. मी लहान छापला, अजून लहान छापला, गडद छापला, फिका छापला. बाहेरून नवऱ्याने विचारलं, “आम्ही दवाखान्यात भेटून येतो, भेटायची वेळ झाली. तू येतेस का?” मी पुढचा कागद ट्रेमध्ये सरकवला. ते दोघं गेले. शेवटी पासपोर्टाहून किंचित मोठा एक प्रिंट निघाला. त्यात आई हसतेय एवढं तरी ओळखू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी गेले. आई उशांना टेकून बसली होती. मी फोटो तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे बघायचं टाळून उशी सारखी करत राहिले. तिने बराच वेळ बघितला. अंगठ्याने फोटोवरून हलकेच पुसलं, वर काही लागलंय असं वाटून. मग तो उशाशी ठेवला, पाटी घेतली आणि लिहिलं, ‘राहू दे. व्याही काल सांगत होते. छापताना तुझा हात हलला. माझ्या काळजीने. होतं असं.’

मी खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं. दाण्याचं सांगितलं, झुमका दाखवला, बघ मणी कसे साफ आहेत. आठवरून वन पॉइंट फोरवर कोणी नेलं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं, त्याची आठवण दिली. डोळ्याच्या डॉक्टरचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. दुसऱ्या कोणाला पटो न पटो, हिला पटलं की मला पुरे होतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने माझा हात हातात घेतला, आणि मला वाटलं, झालं, एक माणूस तरी माझ्या बाजूचं आहे.

मग तिने हात सोडला, ओल्या कापडाने पाटी पुसली आणि सावकाश, अक्षर नीट काढत लिहिलं, ‘मोठ्या माणसांवर ढकलू नये. मी असं शिकवलं नव्हतं.’

मी ते वाचलंय याची तिने खात्री करून घेतली. मग पाटी बाजूला ठेवून तिने पाण्याकडे बोट दाखवलं, आणि मी उठून तिला पाणी दिलं.